एका खळग्यात दोन बिया

दोघी बहिणींच्या जन्मात अंतर फक्त अकरा मिनिटांचं, पण थोरलीने त्या अकरा मिनिटांच्या जोरावर साठ वर्षं हुकूमत गाजवली. खिडकीजवळची खाट तिची, पेपर आधी तिच्या हातात, भांडणातला शेवटचा शब्द तिचा. धाकटीने कधी तक्रार केली नाही. करणार तरी कोणत्या तोंडाने? ती जन्मली तेव्हा सुईणीने तिला हातात घेऊन पाहिलं आणि आईला सरळ सांगितलं, "ही काही सकाळ बघत नाही. तू मोठीकडे लक्ष दे." आई पडली हट्टी. तिने दोघींना एकाच टोपलीत, एकमेकींना चिकटवून निजवलं आणि मोठीच्या उबेने धाकटी तगली. ही गोष्ट थोरलीने आल्यागेल्या प्रत्येकाला ऐकवली होती. "मी होते म्हणून ही आहे," म्हणायची आणि लगेच धाकटीकडे वळायची, "चल चिमणे, चहा टाक."

थोरलीने आयुष्यभर शिवणाचे वर्ग चालवले. कापड बेतताना हात थरथरलेली मुलगी तिच्यासमोर टिकायची नाही. "कात्री घाबरली की कापड वाया जातं," हा तिचा मंत्र. धाकटी नर्स, आणि तीसुद्धा कमी दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. डॉक्टरांनी ज्यांच्यावरून नजर काढून घेतली, अशी किती बाळं तिने डोळ्यांत तेल घालून जगवली याची मोजदाद तिलाही नव्हती. लग्न दोघींनी केलं नाही. एकीला कोणी पसंत पडला नाही आणि दुसरीला सवड झाली नाही, इतकी साधी गोष्ट होती. लोकांनी उगाच कादंबऱ्या रचल्या.

निवृत्त झाल्यावर दोघींनी मिळून वस्तीच्या टोकाला एक बैठं घर घेतलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पत्र्याची शेड आणि परस. परस ओलं होतं. आता तुम्ही म्हणाल, परस म्हटल्यावर ओलावा असणारच. पण हा तसा ओलावा नव्हता. चार महिने आभाळातून थेंब पडला नाही तरी तिथे पाय घोट्यापर्यंत जायचा. नळदुरुस्तीवाला दोनदा येऊन पाहून गेला. दुसऱ्यांदा तो हत्यारं न काढताच परतला. म्हणाला, "बाई, हे पाणी नळाचं नाही. खालून येतंय. कुठून ते मला विचारू नका."

घर विकणाऱ्या म्हातारीला मात्र त्या ओलीचं काही वाटत नव्हतं. तिने मातीचे उंच वाफे केले होते आणि दोन वाफ्यांच्या मध्ये एक लांब फळी टाकली होती. लेकीकडे राहायला जाण्याआधी तिने दोघींना फळीवर उभं करून नीट समजावलं.

"फळीवरून पाय खाली टाकायचा नाही. एका खळग्यात दोन बिया टोकायच्या. चार बोटं वर आल्या की त्यातलं एक रोप उपटायचं. कात्रीने नाही, हाताने. आणि त्याच खळग्यात पुरायचं. फेकायचं नाही, दुसरीकडे लावायचं तर मुळीच नाही. एक आपलं, एक जमिनीचं."

"यात काय अवघड आहे?" थोरली म्हणाली.

धाकटीचं लक्ष म्हातारीच्या कानाकडे होतं. उजव्या कानात सोन्याचं फूल, डावा कान मोकळा. नर्सची नजर ती, अशा गोष्टी पटकन टिपते. वय झालं, विसरली असेल, असं मनाशी म्हणून तिने तो विषय सोडून दिला.

घेवड्याचे चोवीस खळगे झाले. अठ्ठेचाळीस बिया टोकल्या आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस उगवल्या, एकही वाया गेली नाही. नवव्या दिवशी थोरली साडीचा पदर खोचून फळीवर बसली. "हे बघ, असं धरायचं, असं ओढायचं. शिवण उसवण्याइतकं सोपं." पहिल्या खळग्यातलं बारकं रोप तिने उपटलं, क्षणभर तळहातावर धरून पाहिलं आणि मूठ मिटली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठली. "बाकीची तू कर. माझे गुडघे बोलायला लागले."

धाकटी दुसऱ्या खळग्याजवळ बसली. दोन रोपं होती. एक टवटवीत हिरवं, दुसरं पांढरट देठाचं, एका पानावर उभं, मान टाकलेलं. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. तिच्या जिवावर आलं. तीस वर्षं जिने काचेच्या पेटीत हात घालून असल्याच माना सावरल्या, तिने आता एक मान मुरगाळायची? कशासाठी, तर शेजारच्या धडधाकट रोपाला ऐसपैस जागा मिळावी म्हणून? आणि सुईणीचं ऐकून आईनेही असंच केलं असतं तर?

तिने चमच्याने हलकेच माती उकरून ते रोप मुळांसकट उचललं. मग दुसरं, मग तिसरं. तेवीस रोपं तिने शेडमध्ये पत्र्याच्या डब्यांत, फुटक्या मगांत, औषधाच्या रिकाम्या बाटल्या कापून त्यांत लावली आणि पुढे गोणपाट टांगलं. थोरलीने विचारलं, "झालं?" तेव्हा धाकटी म्हणाली, "झालं." साठ वर्षांत थोरलीशी बोललेलं हे तिचं पहिलं खोटं असावं. निदान पहिलं पचलेलं.

आठवड्याने थोरलीची चप्पल हरवली. दोन्ही नव्हे, एकच. नवा अंगठा बसवून आणलेली उजवी गेली आणि झिजलेली डावी दारात राहिली. "कुत्र्याने नेली असेल," धाकटी म्हणाली. मग काचेच्या दोन पेल्यांतला एक गेला. कड उडालेला राहिला, धड होता तो गेला. मग धाकटीच्या कानातल्यांपैकी एक. उशीचा एक अभ्रा. विणायच्या दोन सुयांतली एक, सरळ होती ती.

"आपल्या घरात चोर शिरतोय," थोरली म्हणाली, "पण बिचारा एका पायाचा आणि एका कानाचा आहे. अपंग माणूस, जाऊ दे, नेऊ दे!" आणि आपल्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसली. धाकटीही हसली. घरभर शोधून झालं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा असं काहीतरी निघेल, असं तिला अजून वाटत होतं.

निघालं ते परसात. महिन्याभराने एका दुपारी तण काढताना तिच्या बोटांना मातीखाली काही कडक लागलं. उकरून पाहिलं तर चप्पल. चिखलात पडलेली वस्तू आडवी असते, वेडीवाकडी असते. ही उभी होती. टाच खाली, अंगठा वर, दोन रोपांच्या मधल्या अंतरात, कुणीतरी हाताने माती दाबून लावावी तशी. धाकटीने ती ओढली. माती सोडेना. दोन्ही हातांनी ओढली तेव्हा खालून चोखल्यासारखा आवाज झाला आणि चप्पल तिच्या हातातून निसटून पुन्हा आत गेली. वरची माती आपोआप मिटली.

ती फळीवर तशीच बसून राहिली. स्वच्छ ऊन होतं, शेजारच्या घरातून रेडिओ ऐकू येत होता आणि तिचे दात एकमेकांवर वाजत होते.

शेडच्या आढ्याला पारव्यांची जोडी होती. दुसऱ्या दिवशी एकच पारवा दिसला. तो शेडच्या कडेवरून वाफ्याकडे पाहत दिवसभर घुमत राहिला. त्याचा एक पंख आधीपासून अधू होता, हे धाकटीला माहीत होतं. चांगल्या पंखाचा होता, तो गेला होता. पहिल्या वाफ्यात दोन पिसं मातीतून वर आली होती, कोंब यावेत तशी सरळ.

तेव्हा कुठे धाकटीच्या डोक्यात प्रकाश पडला. जोडीतलं एक जातंय. आणि जातंय ते चांगलं.

या घरात आणखी एक जोडी होती. साठ वर्षांची. त्यातलं चांगलं कोणतं, हे सुईणीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आत थोरली शिवणयंत्रावर बसून कुणाच्या तरी नातीचा फ्रॉक शिवत होती. धाकटीने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि म्हातारीला फोन लावला. खुशाली विचारायच्या आधीच पलीकडून म्हातारीने विचारलं, "विरळणी केलीत ना, गं? एकेक रोप उपटलंत ना?"

धाकटीने सगळं सांगितलं, डबे, मग, गोणपाट, सगळं.

"परत दे," म्हातारी म्हणाली. "आजच. ज्या खळग्यातलं त्याच खळग्यात, हाताने पुर. एकही मागे ठेवू नकोस. आपण दिलं तर जमीन कसलंही घेते, किडकं, वाळकं, काहीही. आपण नाही दिलं की स्वतः घेते. आणि मग तिला किडकं चालत नाही."

"मावशी, तुमच्या इथे... तुमच्याबरोबर कोण होतं?"

"माझी जाऊ," म्हातारी म्हणाली. "माझ्यापेक्षा फार चांगली होती." आणि फोन ठेवला.

धाकटी त्या दुपारी जेवली नाही. एकेक डबा उचलून फळीवर आणला. रोपं आता चांगली तरारली होती. ज्यांनी मान टाकली होती त्यांना तीन-तीन पानं फुटली होती. वाईट वाटलं म्हणजे किती वाटलं! दर रोपाला ती "माफ कर रे बाळा" म्हणत होती, ते उपटत होती आणि आपल्या हाताने चिखलात दाबत होती. बोटं आत गेली की माती कोमट लागायची. एकदा तर बोटांना खालून हलकेच ओढ बसली, दूध पिणारं बाळ ओढतं तशी. तिने हात झटकन काढला, लुगड्याला पुसला आणि पुढच्या खळग्याकडे सरकली. दुसऱ्यापासून चोविसाव्यापर्यंत तेवीस खळगे. मोजून तेवीस. पहिला थोरलीने तिच्या देखत केला होता, त्याचा प्रश्नच नव्हता.

थोरली मागच्या दारात येऊन उभी राहिली. "काय चाललंय?"

धाकटीने मान खाली घालून खरं ते सांगितलं. आता तोफ सुटणार म्हणून ती वाट पाहत होती. पण थोरलीचा चेहरा जरा विचित्र झाला, तिने पदराशी चाळा केल्यासारखं केलं आणि "वेडी कुठली," एवढंच म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी काही हरवलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. धाकटीने सकाळ-संध्याकाळ घरातल्या जोड्या तपासल्या. मोजे दोन, बशा दोन, चष्मे दोन. तिचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तिने थोरलीचे पाय चेपून दिले, न सांगता. "आज काय विशेष?" थोरलीने विचारलं. "काही नाही," धाकटी म्हणाली. आपल्याला या बाईशिवाय जगता येणार नाही, हे तिला ठाऊक होतंच. पण ते असं जिभेवर आलेलं तिला पहिल्यांदा जाणवलं. बोलली मात्र नाही. त्यांच्या घरात असलं बोलायची पद्धत नव्हती.

चौथ्या दिवशी उतरत्या उन्हात थोरली टोपली घेऊन परसात गेली. पहिल्या शेंगा धरल्या होत्या. धाकटी स्वयंपाकघरात कणीक भिजवत होती. बाहेरून हाक आली, "चिमणे! अगं ए! जरा हात दे गं, माझा पाय रुतलाय!" आवाजात हसू होतं.

धाकटी धावली. थोरलीने एका लांबच्या शेंगेसाठी फळीवरून एकच पाय खाली टाकला होता. पहिल्या खळग्याशी. तो गुडघ्यापर्यंत आत होता. दुसरा फळीवर होता, पण फळीच तिरकी झाली होती.

"बघतेस काय, ओढ!" थोरली म्हणाली.

धाकटीने काखेत हात घालून ओढलं. थोरली वर आली नाही. मांडीपर्यंत खाली गेली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि थोरलीचं हसू गेलं. धाकटी ओरडली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. तिकडे रेडिओ चालू होता, कुणी आलं नाही. पुन्हा ओढलं. कंबर. खालून कुणी खेचत होतं असं नव्हतं, हेच भयंकर होतं. माती फक्त जागा करून देत होती, शांतपणे, सरकून बसल्यासारखी.

"मी सगळी दिली होती!" धाकटी रडत मातीलाच सांगू लागली. "तेवीसच्या तेवीस दिली होती!" आणि बोलता बोलता थांबली. ती थोरलीकडे वळली. "ताई. पहिलं रोप. तू मला दाखवायला उपटलेलं. ते पुरलंस ना?"

थोरलीचा चेहरा साठ वर्षांत असा कधी झाला नव्हता. चोरून काही खाताना पकडलेल्या पोरीसारखा.

"ठेवलंय," ती म्हणाली. "मशीनच्या मागे. कान तुटलेल्या कपात."

"का? तू? का ठेवलंस?"

"अगं, इतकंसं होतं." तिने बोटांनी दाखवलं. "पांढरट देठ, एक पान. मला वाटलं... तुझ्यासारखंच दिसत होतं गं."

धाकटी धावली. मागचं दार, स्वयंपाकघर, खोली. शिवणयंत्राच्या मागे, खिडकीच्या कट्ट्यावर, घड्या घातलेल्या कापडांच्या आड तो कप होता. रोप वीतभर झालं होतं. थोरलीने त्याला आधार म्हणून एक लांब सुई रोवली होती आणि लाल दोऱ्याने देठ तिला बांधला होता, तीन ठिकाणी, तिच्या त्या बारीक, पक्क्या गाठींनी. टोकाशी एक कळी होती. धाकटीने कप उचलला. थोरलीच्या पक्क्या गाठी सोडवताना रोप मोडेल, असं तिच्या मनात आलं. तोडायचं, ओरबाडायचं, सुईसकट न्यायचं, काहीही केलं तरी चाललं असतं. मरणारच होतं ते. पण तीस वर्षांची बोटं होती ती; तिने विचार करायच्या आधीच ती कामाला लागली. दोन बोटांनी देठ सावरला, तळव्यावर मुळं पेलली आणि नखाने पहिली गाठ हलकेच सैल केली. मग दुसरी. मग तिसरी.

अर्धं मिनिट गेलं असेल. फार तर पाऊण.

बाहेरून एकदा आवाज आला, "चिमणे—"

ती पोचली तेव्हा फळी सरळ होती. वाफा सपाट होता, वरून हात फिरवल्यासारखा. फळीवर टोपली होती आणि टोपलीत सहा शेंगा.

धाकटीने ते रोप पहिल्या खळग्यात खुपसलं. कोपरापर्यंत हात घालून खुपसलं. "हे घे! हे घे ना! हेच हवं होतं ना तुला?" ती ओरडत राहिली. माती आता थंड होती. आतून ओढ नव्हती, काही नव्हतं. साधा चिखल होता.

माणसं आली, उशिरा. सरकारी माणसांनी दोन दिवस परस खणलं, पुरुषभर खोल. एक चप्पल निघाली, एक पेला निघाला, न फुटलेला, एक कानातलं, एक सुई. पारव्याची हाडं निघाली. थोरली निघाली नाही. कागदावर त्यांनी लिहिलं, "घरातून निघून गेल्या." धाकटीने त्यावर सही केली. भांडायला तिच्यात त्राण नव्हतं आणि भांडणातला शेवटचा शब्द कधी तिचा नव्हताच.

खणून गेलेल्या मातीच्या ढिगावर आठवड्याने एक रोप उभं दिसलं. देठावर लाल दोऱ्याचा तुकडा. जमिनीने ते घेतलं नव्हतं. तिचं तिला मिळालं होतं, आता तिला दुसरं नको होतं. धाकटीने बऱ्याचदा ते उपटायचं ठरवलं. हात पुढे करायची आणि मागे घ्यायची.

आता त्याचा वेल शेडवर चढलाय. शेंगा इतक्या कोवळ्या आणि इतक्या भरघोस की शेजारणी बी मागायला येतात. धाकटी बी देते आणि वर बजावते, "एका खळग्यात दोन टोका, आणि एक उपटा. हाताने. दया करू नका." त्या माना डोलावतात. म्हातारी सटकली आहे, असं आपसांत म्हणतही असतील. तिने स्वतः मात्र त्या वेलाची एक शेंग कधी तोंडात घातली नाही.

घरात आता काही हरवत नाही. शेडवर तो एकटा पारवा अजून आहे. खिडकीजवळची खाट रिकामी ठेवून काही दिवस ती आपल्याच खाटेवर झोपली. मग एकदा तिकडे जाऊन निजली आणि तिथलीच झाली. सुईणीचं म्हणणं खोटं ठरलं. धाकटी रोज सकाळ बघते, आणि त्या खिडकीतून वेल थेट समोर दिसतो.